पन्हाळा–पावनखिंड वाट

कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा व शाहूवाडी तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यातून जाणारी सुमारे ५० किलोमीटरांची पायवाट. सिद्दी जौहरचा वेढा फोडून छत्रपती शिवाजी महाराज १२ जुलै १६६० च्या रात्री पन्हाळ्याहून विशाळगडाकडे (जुने नाव खेळणा) निघाले, त्या प्रवासाशी ती जोडलेली आहे. दुसऱ्या दिवशी बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळ्यांनी ज्या घोडखिंडीत पाठलाग अडवला, तिलाच पुढे पावनखिंड हे नाव मिळाले. दरवर्षी जुलैत राज्यभरातून लोक येऊन ही वाट बहुधा दोन दिवसांत चालतात. त्यांच्या तोंडी ती ‘मोहीम’ असते. वाड्यांतल्या माणसांना मात्र ती शाळेची, गुरांची, दळणाची आणि पाहुण्याकडे जायची वाट आहे, आणि साडेतीनशे वर्षांत ती बुजली नाही ती या रोजच्या पायांमुळेच.

पन्हाळा कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर आहे. गडाच्या पायथ्याशी नेबापूर येथे, महाराजांचे सोंग घेऊन जौहरच्या छावणीत गेलेल्या शिवा काशीद यांची समाधी आहे. गडावरून तुरुकवाडी, म्हाळुंगे करीत वाट मसाई पठारावर चढते. पलीकडे कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे आणि पांढरेपाणी अशी नावे लागत जातात. ‘वाडी’ म्हणजे मूळ गावापासून सुटून शेताजवळ वसलेली पाचपंचवीस घरे. दोन वाड्यांमध्ये एखादा ओढा, थोडी भातखाचरे आणि पुन्हा रान असते. नवख्याने पुढची वाडी किती लांब म्हणून विचारले, तर ‘ही काय, आलीच’ हे उत्तर ठरलेले. त्यावर विसंबून पाण्याची बाटली रिकामी करू नये.

मसाई पठार म्हणजे जांभ्या कातळाचा मैलोन्‌मैल पसरलेला सडा. झाड जवळजवळ नाहीच. मसाईदेवीचे देऊळ आहे आणि पठाराच्या कडेला पांडवदरा नावाची जुनी लेणी. पावसाळा सरत आला की कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू ही फुले उगवतात. यातली काही कीटक खाऊन जगतात, कारण त्या मातीत कस नसतो. जुलैत मात्र फुलांआधी धुके असते. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि खुणेला झाड नसल्याने सराईत मंडळीही इथे चकतात. अशा वेळी गुरांच्या पायवाटेला लागावे हा गुराख्यांचा सल्ला असतो, कारण गुरे संध्याकाळी घरीच जातात.

पठार उतरले की कासारी नदीचे खोरे सुरू होते. पंचगंगेला मिळणाऱ्या नद्यांपैकी ही एक असून तिचा उगम गजापूर–पावनखिंड परिसरातच आहे. खाली सपाटीला ऊस, वर भात, त्याहून वर वरकस (उताराच्या, हलक्या) जमिनीत नाचणी आणि वरी. चालणाऱ्यांची गर्दी नेमकी रोपलावणीच्या दिवसांत येते. चिखलणी केलेल्या खाचरात बायका ओळीने वाकून तरवा (भाताची रोपे) लावत असतात. डोक्यावर पूर्वी बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले असे. आता बहुतेकींच्या अंगावर प्लास्टिकचा कागद असतो. बांधावरून झेंडा घेऊन जाणाऱ्यांनी खाचरात पाय घालू नये, एवढीच वाडीची अपेक्षा असते.

महाराज निघाले ती रात्र आषाढी पौर्णिमेच्या सुमाराची. त्याच्या एकदोन दिवस आधी या भागात बेंदूर येतो. घाटमाथ्यावरचा हा बैलांचा सण विदर्भातल्या श्रावणी पोळ्याहून वेगळा. बैल धुतात, शिंगांना हुरमुंज (तांबडा रंग) लावतात, झूल चढवतात, पुरणपोळीचा घास देतात. ज्याच्या दावणीला बैल नाही त्याच्या घरी मातीचे बैल पुजले जातात. अलीकडे अशीच घरे वाढली आहेत, कारण खाचरात पॉवर टिलर आला.

सर्वांत उंचावर धनगरवाडे आहेत. म्हशी पाळणाऱ्या गवळी धनगरांची ही थोडकी घरे रानाच्या कडेला असतात. दूध खाली उतरवायचे, किराणा वर चढवायचा, आणि आजारी माणसाला डालग्यातून किंवा पाळण्यातून रस्त्यापर्यंत आणायचे, हे सारे याच वाटेने. गव्यांचे कळप रात्रीत पीक आडवे करतात. सुगीत राखणीला माळ्यावर झोपावे लागते.

मुक्काम बहुधा करपेवाडी किंवा आंबेवाडी परिसरात, घराच्या सोप्यात (पुढच्या भागात), देवळात नाहीतर शाळेत होतो. जेवणात तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, आमटी, भात आणि खरडा (मिरचीचा ठेचा). खरड्याचा तिखटपणा आधी विचारून घेतलेला बरा. वाड्यांतली बरीच तरुण मंडळी मुंबईत असतात आणि गणपतीला, शिमग्याला, जत्रेला परततात. त्यामुळे जुलैत पाहुण्याला भेटतात ते म्हातारे, बायका आणि शाळकरी पोरे.

वाट अखंड मातीची राहिलेली नाही. अनेक वाड्यांपर्यंत डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता गेला आहे आणि मसाई पठारावर मोटारी येतात. रस्त्यामुळे वाडीचा दवाखाना जवळ आला, त्यामुळे चालणाऱ्यांनी त्याबद्दल हळहळण्यात फारसा अर्थ नाही. मोहिमेनंतर ओढ्यात अडकणाऱ्या बाटल्या आणि वेष्टने ही वाडीची खरी तक्रार आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांत पन्हाळा आहे. ही वाट त्या नोंदीत येत नाही.

चालताना कोल्हापुरी पायताण कुचकामी ठरते. चिखलात अंगठाच निसटतो. पायाला जळवा लागतात, त्यासाठी मीठ किंवा तंबाखू जवळ ठेवतात. पांढरेपाण्याला वाट आंबा–विशाळगड रस्त्याला येऊन मिळते. पुढे थोड्या अंतरावर पावनखिंड. तिथून बहुतेक जण मलकापूरमार्गे गाडीने कोल्हापूरला परततात. विशाळगडावर बाजीप्रभू आणि त्यांचे बंधू फुलाजी यांच्या समाध्या आहेत. तिथवर पायी जाणारे थोडेच.