वेअर बार आणि स्की स्किन: स्नोमोबाईलच्या स्कीखाली नेमकं काय लावायचं?

जुनी स्नोमोबाईल, म्हणजे पुढे दोन स्की (घसरपट्ट्या) आणि मागे फिरता पट्टा असलेली बर्फावरची गाडी, घेऊन कॅनडातल्या ओंटारिओच्या एखाद्या पार्ट्सच्या दुकानात गेलात, तर स्कीच्या संरक्षणासाठीच्या दोन वस्तू बहुधा शेजारीशेजारीच टांगलेल्या दिसतील. एक म्हणजे करंगळीएवढ्या जाडीची लांब पोलादी सळी, तिच्यातून वर दोन-तीन बोल्ट निघालेले. दुसरी म्हणजे स्कीच्याच आकाराचा प्लास्टिकचा तळ. सळी ती वेअर बार. काउंटरवर कुणी तिला रनर म्हणतं, कुणी नुसतंच कार्बाइड. प्लास्टिकवाली ती स्की स्किन. दोन्ही स्कीच्या खालच्या बाजूला बसतात आणि दोन्ही झीज वाचवतात, म्हणून नवा माणूस एक घेऊन समाधानाने घरी येतो. पण वेअर बारशिवाय ट्रेलवर, म्हणजे बर्फातल्या वाटेवर, गाडी काढायचीच नसते, आणि स्किन आजच्या बहुतेक गाड्यांना लागतच नाही.

आधी वेअर बार. स्कीच्या तळाला मधोमध एक उभा कणा असतो, त्याला कील म्हणतात. कीलच्या खोबणीत ही सळी बसते आणि तिचे बोल्ट स्कीतून वर काढून नटने आवळतात. ट्रेल सगळीकडे मऊ बर्फाचा नसतो. कुठे उघडा गोठलेला बर्फ, कुठे खडी, कुठे आडवा जाणारा डांबरी रस्ता. तिथे घासते ती सळी. बैलाच्या खुराला पत्री मारतात तसंच हे: खूर वाचावा म्हणून पत्रीने झिजायचं आणि झिजली की बदलायची.

तिचं दुसरं काम याहून मोठं आहे. हँडल वळवलं की फक्त पुढच्या दोन स्की वळतात. मागचा पट्टा गाडीला सरळच ढकलत असतो. गोठलेल्या तळ्यावर गुळगुळीत प्लास्टिक काय पकडणार? सळीच्या मधल्या भागात टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाची धारदार पट्टी झाळून बसवलेली असते. ती बर्फात रुतते, म्हणून गाडी वळते. धार बोथट झाली की हँडल पूर्ण वळवूनही गाडी नाकासमोर जात राहते. ओंटारिओतल्या गोठलेल्या लेक सिमको तळ्यावर मासेमारीला निघालेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग जितकं लांब कार्बाइड तितकं चांगलं? नाही. पट्ट्याला खिळे, म्हणजे स्टड, मारलेत की नाही त्यावर हे ठरतं. स्टड भरपूर आणि पुढे कार्बाइड तोकडं असेल, तर मागची पकड पुढच्या स्कींना भारी पडते आणि वळणावर गाडी बाहेर सरकते. स्टड मुळीच नसताना पुढे आठ इंची कार्बाइड लावलंत, तर हँडल जड होतं आणि वळताना मागचा भाग घसरून बाजूला जातो. बिनस्टडच्या ट्रेल गाडीला चार ते सहा इंच पुरतं. स्टड असतील तर सहा ते आठच्या दरम्यान बघावं. धारेचा कोनही वेगवेगळा मिळतो. ६० अंशाची धार जास्त चावते, ९० अंशाची जास्त टिकते.

पुढच्या गाड्यांनी पाडलेल्या चरांत स्की आपोआप शिरते आणि हँडल हातातून ओढल्यासारखं होतं. या त्रासासाठी एका स्कीला दोन धारा असलेले रनर मिळतात आणि फरक खरंच पडतो. पण त्यावर पैसे टाकण्याआधी स्की आणि तिचा दांडा यांच्यामधला रबर तपासा. तो दबलेला असेल तर महाग रनरही गाडी सरळ ठेवणार नाही.

स्की स्किनची गोष्ट जुन्या गाड्यांची. साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाड्यांच्या स्की पोलादी आणि अरुंद असत. त्या गंजतात, ओला बर्फ त्यांना चिकटतो, मऊ बर्फात त्या खोल जातात. स्किन म्हणजे घसरणीला उत्तम अशा चिवट पॉलिथिलीनचा तळ, त्या पोलादाखाली बसवायचा. स्की रुंद होते, बर्फ चिकटत नाही, पोलाद घासत नाही. जुनी गाडी हौसेने जपणाऱ्याने ती जरूर घ्यावी. पण वळण्याची ताकद त्यात जवळजवळ नाही, म्हणून स्किनच्या खालून वेअर बार लावावीच लागते. मध्ये प्लास्टिकची जाडी वाढल्यामुळे जुने बोल्ट आखूड पडतात, तेव्हा लांब बोल्टची बार आधीच शोधून ठेवा.

नव्वदच्या दशकापासून स्कीच प्लास्टिकच्या येऊ लागल्या. तुमची तशी असेल तर स्किनचा विषय संपला. तडा गेलेली किंवा कील झिजलेली प्लास्टिकची स्की वरून झाकून वाचत नाही, ती बदलायची.

बसवणं अवघड नाही, फक्त गंजलेले नट अंत पाहतात. गाडीचा पुढचा भाग स्टँडवर उचला, नटांवर गंज सोडवणारं तेल मारून निवांत चहा घेऊन या. तरी एखादा बोल्ट तुटतोच. जुनी बार टाकायचीच आहे, तुटू दे. खोबण घासून साफ करा, कारण आत खडा राहिला तर नवी सळी सपाट बसत नाही. सळीचं पुढचं टोक कीलमधल्या भोकात सरकवून मग बोल्ट वर काढा. सळीला मुद्दाम थोडा बाक दिलेला असतो, त्यामुळे ती जोर लावल्याशिवाय बसणार नाही, सी-क्लॅम्पने दाबा. नट नवे आणि नायलॉनची कडी असलेले घ्या. मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच आवळा, नाहीतर प्लास्टिक चिरतं. पहिली फेरी झाल्यावर पुन्हा एकदा पाना फिरवा. दोन्ही स्कींच्या सळ्या एकदमच बदलायच्या. खरेदीआधी स्कीचा मेक आणि मॉडेल बघून घ्या; गाडीचं नाव पुरत नाही, कारण आधीच्या मालकाने स्की बदललेली असू शकते आणि बोल्टांमधलं अंतर स्कीप्रमाणे बदलतं.

सगळं बसलं की हँडल सरळ धरून दोन स्कींमधलं अंतर पुढे आणि मागे मोजा, तेही कार्बाइडच्या धारेपासून धारेपर्यंत. पुढचं अंतर किंचित जास्त हवं. किती, ते मॅन्युअल सांगतं. बदलण्याची वेळ ओळखायची तर सळीवर हात फिरवा: धार गोल लागली, पट्टीचा तुकडा उडालेला असला किंवा सळी मूळ जाडीच्या निम्मी उरली, की नवी आणा.

कार्बाइड कठीण असलं तरी ठिसूळ असतं. डांबरावर आणि काँक्रीटवर ते तापतं, तडकतं, आणि गॅरेजच्या फरशीवरही ओरखडे उठवतं. म्हणून गॅरेजमध्ये आणि ट्रेलरवर स्कीच्या वाटेवर प्लास्टिकच्या पट्ट्या टाकाव्यात, किंवा गाडी ढकलण्यापुरती स्कीखाली चाकं लावावीत.