सुचलेले उत्तर आड येते तेव्हा

तीन भांडी आहेत. पहिल्यात २१ मापे पाणी मावते, दुसऱ्यात १२७ आणि तिसऱ्यात ३. भांड्यांवर कसल्याही खुणा नाहीत, पाणी हवे तितके आहे आणि नेमकी १०० मापे मोजून द्यायची आहेत. थोडा विचार केला की वाट सापडते: १२७चे भांडे काठोकाठ भरायचे, त्यातून २१चे एकदा भरून घ्यायचे, मग ३चे दोनदा, मोठ्या भांड्यात १०० मापे उरतात. याच रीतीने सुटणारी आणखी काही गणिते ओळीने सोडवून झाल्यावर पुढचे गणित येते. भांडी २३, ४९ आणि ३ मापांची, हवी आहेत २० मापे. हात आपसूक ४९च्या भांड्याकडे जातो. त्यातून २३ वजा केले, ३ दोनदा वजा केले, उत्तर आले २०. उत्तर बरोबरच आहे. मात्र २३च्या भांड्यातून ३चे भांडे एकदा भरून घेतले असते, तरी तेवढ्यावर काम भागले असते.

अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने हा प्रयोग १९४२ साली प्रसिद्ध केला. ज्यांनी आधीची गणिते सोडवलेली नव्हती, त्यांना सोपी रीत चटकन दिसत होती. ज्यांचा हात बसला होता, त्यांपैकी बहुतेकांना ती दिसली नाही. त्याहून बोलके होते ते यानंतरचे गणित: २८, ७६ आणि ३ मापांच्या भांड्यांनी २५ मापे द्या. येथे जुनी रीत लावली की ४२ येतात, म्हणजे ती साफ चुकते. २८ मधून ३ काढणे एखाद्या शाळकरी मुलालाही जमेल, तरीही सरावलेल्यांपैकी अनेक जण येथे अडून बसले. काही गटांना लुचिन्स यांनी मध्येच कागदावर ‘आंधळे होऊ नका’ असे लिहायला लावले. त्याने काहींचे डोळे उघडले, सर्वांचे नाही.

अशा अडकण्याला १९६७ साली एक उलट बाजूचे नाव मिळाले. माल्टात जन्मलेले डॉक्टर आणि लेखक एडवर्ड डी बोनो यांनी त्यातून सुटण्याच्या रीतीला ‘लॅटरल थिंकिंग’ म्हटले. मराठीत त्याला पार्श्व विचार म्हणतात, आडवा विचारही म्हणता येईल; मात्र आपल्या भाषेत ‘आडव्यात शिरणे’ हे काही कौतुकाने म्हटले जात नाही. डी बोनो यांनी मनाची तुलना जेलीच्या थराशी केली होती. त्या थरावर चमचाभर गरम पाणी ओतले की जेली थोडी विरघळून खळगा पडतो, आणि शेजारी ओतलेले पुढचे पाणी त्याच खळग्याकडे ओघळून तो आणखी खोल करते. पाण्याचा त्यात काही दोष नसतो. पृष्ठभागच तसा घडत जातो. त्यांचा दुसरा प्रसिद्ध दृष्टान्त खड्ड्याचा: तोच खड्डा अधिक खोल खणल्याने दुसऱ्या जागी खड्डा पडत नाही. काळ्या दगडाच्या मुलखात विहीर असलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. तळाला कठीण पाषाण लागला आणि पाणी लागेना, की विहिरीत यंत्र उतरवून तो भिंतीतून आडवे बोअर मारून घेतो, कारण बेसाल्टच्या थरांमधल्या भेगांत आणि सच्छिद्र पट्ट्यांत पाणी बाजूलाही असू शकते.

डी बोनो यांनी सुचवलेले उपाय, म्हणजे शब्दकोशातला कोणताही शब्द उचलून तो प्रश्नाशी जोडून पाहणे, किंवा मुद्दाम एखादे अशक्य विधान करून तेथून विचार सुरू करणे, जगभरच्या कार्यशाळांत शिकवले गेले. त्यांची काटेकोर तपासणी मात्र फारच कमी झाली, अशी तक्रार मानसशास्त्रज्ञांनी वेळोवेळी केली आहे आणि ती मला रास्त वाटते. अडकणे म्हणजे नेमके काय होते, हे समजून घ्यायचे तर प्रयोगशाळेकडेच वळावे लागते.

त्या प्रयोगांतला सर्वांत गाजलेला प्रयोग जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांचा, १९३५ सालचा. त्याच्या पुढे रूढ झालेल्या रूपात टेबलावर एक मेणबत्ती, आगपेटी आणि खोकेभर टाचण्या असतात. मेण टेबलावर ठिबकणार नाही अशा बेताने मेणबत्ती भिंतीवर बसवायची असते. लोक मेणबत्तीतून टाचण्या घुसवू पाहतात, मेण वितळवून ती भिंतीला चिकटवू पाहतात. उत्तर असे की खोके रिकामे करायचे, टाचण्यांनी भिंतीला ठोकायचे आणि मेणबत्ती त्यावर उभी करायची. टाचण्या बाहेर काढून खोके रिकामेच समोर ठेवले, तर हे उत्तर कितीतरी सहज सुचते. भरलेले खोके डोळ्यांना टाचण्यांचे खोके म्हणूनच दिसते, फळी म्हणून दिसत नाही. पुढे १९६२ साली सॅम ग्लक्सबर्ग यांनी हाच प्रश्न लवकर सोडवणाऱ्यांना पैसे देऊ केले. खोके भरलेले असताना बक्षिसाच्या आशेवर असलेल्या गटाला, आशा नसलेल्या गटापेक्षा, सरासरी साडेतीन मिनिटे अधिक लागली.

मग ‘चौकटीबाहेर विचार करा’ या लोकप्रिय सल्ल्याचे काय? तो सल्ला ज्या कोड्याला हमखास चिकटतो, त्यात तीन ओळींत तीन-तीन असे नऊ ठिपके असतात आणि कागदावरून पेन्सिल न उचलता चार सरळ रेषांत ते सगळे जोडायचे असतात. रेषा ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर नेल्याशिवाय हे जमत नाही. रॉबर्ट वाइसबर्ग आणि जोसेफ आल्बा यांनी १९८१ साली लोकांना ही गोष्ट उघडच सांगून टाकली, तरीही बहुतेकांना कोडे सुटले नाही. बाहेर जायचे हे कळले, पण बाहेर जाऊन कोठे वळायचे हे कोठे कळले होते? आडवे बोअर घेणाऱ्याच्या हाताशी खडकाची माहिती असते. नुसत्या परवानगीने पाणी लागत नाही.

या संदर्भात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २००८ साली प्रसिद्ध झालेला बुद्धिबळाचा प्रयोग. मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांद गोबे यांनी निष्णात खेळाडूंपुढे एक डाव मांडला. त्यात वजिराचा बळी देऊन, स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजावर घोड्याने मात करण्याची प्रसिद्ध युक्ती लागू पडत होती. पण त्याहून कमी खेळ्यांत मात करण्याची, तितकीशी परिचित नसलेली वाटही होती. खेळाडूंना पहिली युक्ती लगेच दिसली. त्यानंतर आपण आणखी चांगली वाट शोधत आहोत, असे ते प्रामाणिकपणे सांगत होते. त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपणारे यंत्र मात्र दाखवत होते की नजर पुन्हा पुन्हा त्या जुन्या युक्तीच्याच घरांवर जाऊन ठरत होती. पटावर किरकोळ बदल करून परिचित युक्ती निकामी केली, की त्याच दर्जाच्या खेळाडूंना छोटी वाट सापडत होती. या मालिकेतल्या प्रयोगांत अत्युच्च दर्जाचे ग्रँडमास्टर मात्र सहसा अडकले नाहीत. म्हणजे अधिक ज्ञान माणसाला हटवादी करते, हा समज येथे टिकत नाही. सापळा लावते ते ज्ञानच, आणि त्यातून सोडवते तेही पुष्कळदा अधिक ज्ञानच.

हे खरे असेल तर उपायही मन मोकळे सोडण्यापेक्षा वस्तू बारकाईने पाहण्यात असायला हवा. अमेरिकी संशोधक टोनी मॅकॅफ्री यांनी २०१२ साली अशीच एक शिस्त मांडली. समोरच्या वस्तूचे भाग पाडत जायचे आणि प्रत्येक भागाचे वर्णन करताना दोन प्रश्न विचारायचे: याचे आणखी भाग पडतात का, आणि मी दिलेल्या नावात त्याचा उपयोग दडलेला आहे का? दडलेला असेल तर फक्त आकार आणि द्रव्य सांगणारे नाव द्यायचे. ही रीत शिकलेल्यांनी न शिकलेल्यांपेक्षा ६७ टक्के अधिक प्रश्न सोडवले. त्यांतल्या एका प्रश्नात पोलादाची दोन जड कडी एकमेकांना पक्की जोडायची होती आणि हाताशी होती एक लांब मेणबत्ती, एक काडी आणि पोलादाचा एक ठोकळा. मेण वितळवून कडी चिकटवली तर ती आपल्याच वजनाने सुटतात. पण मेणबत्ती म्हणजे मेण आणि वात, आणि ‘वात’ या नावात जळण्याचा उपयोग आहे. तो काढून टाकला की उरतात पीळ दिलेले लांब तंतू, म्हणजे दोरी. मेणबत्ती ठोकळ्याच्या धारेवर घासून मेण खरवडून काढायचे आणि वातीने कडी बांधायची. काडी पेटवायची वेळच येत नाही.