कुपवाडात ‘नदी आलं’

‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ असं आपण येता-जाता म्हणतो. म्हण खोटी नाही, पण तिच्यामुळे भाषेतला फरक म्हणजे अंतराचा मामला, असं वाटत राहतं. एकाच गावात चार भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या तर त्यांचं काय होतं? समाजभाषाविज्ञानात याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावाचं आहे.

जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांचा कुपवाडवरचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. तेव्हाचं कुपवाड सुमारे ३,००० वस्तीचं. जैन-लिंगायतांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, दलित वस्तीत मराठी आणि दोर वळणाऱ्या थोड्या कुटुंबांत तेलुगू. बहुतेक पुरुषांना यातल्या दोन-तीन भाषा सहज यायच्या. गावकऱ्यांच्या तोंडची, एकाच अर्थाची ही वाक्यं पाहा:

पाला जरा काट के ले के आया.
पाला जरा कापून घेऊन आलो.
तपला जरा खोदि तगोंडि बैन.

उर्दू, मराठी, कन्नड. शब्दाखाली शब्द, प्रत्ययाखाली प्रत्यय येतो.

त्याहून मजेशीर आहे ते लिंगाचं. कन्नडमध्ये पुरुष पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी, उरलेलं सगळं नपुंसकलिंगी. प्रमाण मराठीत मात्र दरवाजा ‘तो’, खुर्ची ‘ती’. कुपवाडच्या मराठीने कन्नडची पद्धत उचलली. पूर आला की तिथला माणूस म्हणायचा, ‘नदी आलं’. याला अशुद्ध म्हणणं मला अजिबात पटत नाही. यात नियम होता आणि तो काटेकोर पाळला जायचा. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. ‘हे तुमचं घर’ एवढ्यावर प्रमाण कन्नड वाक्य पुरं होतं. कुपवाडच्या कन्नडात मराठी-उर्दूसारखं शेवटी ‘आहे’ लागायचं.

‘सगळ्या भारतीय भाषा संस्कृतातून निघाल्या’ असे संदेश फिरवणाऱ्यांनी इथे थांबावं. कन्नड-तेलुगू द्राविडी कुळातल्या, म्हणजे संस्कृतच्या कुळाबाहेरच्या. कुपवाडातलं हे साम्य रोजच्या सहवासातून आलं आहे.

मग चारही भाषा मिसळून एकच का झाली नाही? दिवसभर भाषा बदलत बोलणाऱ्याला वाक्याचा साचा एकच ठेवणं सोपं जातं. साचा कुणाच्या कानाला खटकत नाही, त्यामुळे तो सरमिसळला तरी कुणी हरकत घेत नाही. शब्द मात्र लगेच ऐकू येतात, आणि माणूस कोणत्या घरातला हे त्यांवरूनच कळतं. म्हणून ते वेगळे राहिले. चार घरांची माणसं एकत्र आली की बोलणं मराठीत चाले. जमीनदार गट दोन: कन्नड बोलणारे जैन आणि उर्दू बोलणारे मुसलमान. मराठी या दोघांच्याही घरची नव्हती, त्यामुळे ती बोलताना कुणालाच दुसऱ्यापुढे नमतं घेतल्यासारखं वाटत नसे.