खाण-विस्तार (नागपूर परिसर)

खाण-विस्तार : चालू खाणीची वार्षिक क्षमता वाढवणे, तिची हद्द शेजारच्या जमिनीत नेणे किंवा त्याच पट्ट्यात आणखी खोल जाणे, या तिन्ही कामांना मिळून खाण-विस्तार म्हणतात. कोऱ्या जागेवर पहिला खड्डा घेतला तर ती नवी खाण. कंपनीच्या कागदांत तिला ग्रीनफील्ड आणि विस्ताराला ब्राउनफील्ड म्हणतात. कामठी-उमरेडकडच्या गावांत मात्र ‘खदान पुढं सरकली’ एवढंच म्हणतात, आणि कोळशापुरते हे वर्णन कंपनीच्या व्याख्येपेक्षा नेमके आहे. उघडी खाण खरोखरच थराच्या उताराबरोबर सरकत जाते; पुढची माती काढायची आणि मागच्या खड्ड्यात टाकायची, असा तिचा क्रम असतो.

या विषयात नागपूरचे नाव येते ते दोन कारणांनी. एक, निर्णय इथे होतात. कोल इंडियाची उपकंपनी वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे वेकोलि (स्थापना १९७५), हिचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समधल्या कोल इस्टेटमध्ये आहे. मँगनीज काढणाऱ्या मॉइलचे मुख्यालय काटोल रोडवर आहे. भारतीय खाण ब्यूरोही याच शहरात आहे. गंमत अशी की, देशभरच्या खनिजांच्या खाण-आराखड्यांवर देखरेख करणाऱ्या या ब्यूरोच्या कक्षेत कोळसा येत नाही. सिव्हिल लाइन्समधल्याच कोल इस्टेटशी त्याचा नियामक म्हणून संबंध नाही. दुसरे कारण जमिनीखालचे. कन्हान-पेंचच्या काठाने कोळसा आणि रामटेक-सावनेर-भंडाऱ्याच्या अंगाने मँगनीज, अशी दोन पूर्ण वेगळ्या स्वभावाची खनिजे इथे जवळजवळ नांदतात. त्यामुळे विस्ताराचे दोन्ही प्रकार एका जिल्ह्यात पाहता येतात.

कोळशाचे थर बराकार खडकांत असतात आणि त्यांच्यावर कामठी नावाचा वालुकाश्म पसरलेला असतो. नागपूरशेजारच्या गावाचे नाव भूविज्ञानात असे देशभर चालते. सगळ्यात वर काळी माती. थर तिरपे असल्याने खाण जितकी पुढे जाईल तितके वरचे ओझे जाड होत जाते. या ओझ्याला कामगार, ठेकेदार, शेतकरी सगळेच ‘ओबी’ (ओव्हरबर्डन) म्हणतात. एक टन कोळशामागे किती घनमीटर ओबी काढावा लागतो, यावर खाणीचे भवितव्य ठरते. वेकोलिच्या उघड्या खाणींत हे प्रमाण पाच घनमीटरांच्या पुढे गेलेले आहे, आणि कोल इंडियाच्या कंपन्यांत ते चढ्यांपैकी मानले जाते. म्हणजे ‘कोळसा उत्पादन वाढवण्याचा प्रकल्प’ हे नाव जरा फसवे आहे. प्रत्यक्षात तो माती हलवण्याचा प्रकल्प असतो, कोळसा त्यात शेवटी येतो. या खर्चामुळेच वेकोलिने काही नव्या खाणींचा कोळसा ‘कॉस्ट प्लस’ तत्त्वावर, म्हणजे उत्पादनखर्चाला धरून ठरलेल्या दराने, वीजकंपन्यांना देण्याचे करार केले. असे करार नसते तर त्यांपैकी काही खाणी कागदावरच राहिल्या असत्या. वेकोलिचे उत्पादन २०२२-२३ मध्ये ६.४३ कोटी टन होते, ते २०२३-२४ मध्ये ६.९१ कोटी टनांवर गेले.

विस्ताराच्या युक्त्या जागेनुसार बदलतात. शेजारच्या दोन खाणींची मधली भिंत काढून एकच खाण करणे ही एक. गोंडेगाव-घाटरोहणा हे याचे उदाहरण. अशा प्रकल्पाच्या नावात ‘अमाल्गमेटेड’, म्हणजे एकत्रित, हा शब्द येतो. दुसरी युक्ती इंदर-कामठी डीप येथे दिसते. भूमिगत खाणीत छत धरून ठेवण्यासाठी कोळशाचेच खांब सोडलेले असतात. तीच खाण वरून उघडली की हे खांब हाती येतात. पण जुन्या गॅलऱ्यांत, म्हणजे खांबांमधल्या बोगद्यांत, साठलेले पाणी आणि हवा लागताच पेटणारा कोळसा हेही बरोबर येतात, म्हणून अशा ठिकाणी यंत्रे पुढे नेण्याआधी खाली पोकळी कुठे आहे हे जुन्या नकाशांवरून तपासावे लागते. नकाशा चुकीचा असेल तर पुढचे सगळेच चुकते. पावसाळ्यात काळ्या मातीचे हॉल रोड, म्हणजे डंपरांचे रस्ते, चिखल होतात, डंपर घसरतात, ओबीचे ढीग ढासळण्याची भीती वाढते. त्यामुळे वर्षाचे उद्दिष्ट खरे तर कोरड्या महिन्यांतच गाठायचे असते. फेब्रुवारी-मार्चमधली धावपळ त्यातूनच येते.

जमीन मिळवण्याचा रस्ता कोळशापुरता निराळा आहे. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने कलम ४ ची अधिसूचना निघाली की शोधकाम सुरू होते, कलम ७ ने संपादनाचा इरादा जाहीर होतो, त्यानंतर हरकतींसाठी ३० दिवस मिळतात, आणि कलम ९ ने जमीन सरकारजमा होते. ‘आमचं वावर सेक्शन नऊत गेलं’ हे वाक्य उमरेड तालुक्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. पुढचा सगळा हिशेब सात-बाराचा. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणानुसार दोन एकरांमागे एक नोकरी देता येते. त्याहून कमी जमीन असलेले शेतकरी आपापले तुकडे एकत्र दाखवून एका वारसाला नोकरी मिळवतात. नोकरी कोणाच्या मुलाला, आणि बाकीच्यांना त्याने किती द्यायचे, हे घरातच मिटवायचे असते. ते नेहमी मिटते असे नाही. सात-बारावर नाव नसलेल्या मजुराचा आणि कूळ म्हणून न नोंदलेल्या कसणाऱ्याचा या हिशेबात शिरकाव होणे फार कठीण. विस्ताराचे सर्वांत दुबळे अंग हेच, असे म्हणायला जागा आहे.

पर्यावरण मंजुरीसाठी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले वरिष्ठ अधिकारी असतात. चालू खाणीची ठरावीक मर्यादेतली वाढ मात्र नव्या सुनावणीविना मंजूर होऊ शकते, आणि कंपन्यांना विस्तार नव्या खाणीपेक्षा सोयीचा वाटण्याचे हे एक मोठे कारण आहे. सुनावणीत मंडपाच्या पुढच्या रांगांत अधिकारी आणि कंपनीची माणसे, मागे गावकरी. आधी पडद्यावर हिरवी चित्रे, मग हातात माइक आल्यावर एकेकजण विहिरीचे पाणी, कापसावरची धूळ आणि भिंतीच्या भेगा यांवर बोलतो. २०२३ मध्ये दहेगाव-गोवारी या भूमिगत कोळसा प्रकल्पाच्या सुनावणीला परिसरातल्या गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला होता. तो विस्तार नव्हता, नवी खाण होती; पण प्रश्न तेच होते.

भेगांचा विषय स्फोटांशी जोडलेला आहे. उघड्या खाणीत स्फोट दिवसाउजेडी, बहुधा दुपारी करतात. आधी भोंगा वाजतो, लाल झेंडे घेतलेली माणसे रस्त्यांवर उभी राहतात, मोटरसायकली आणि बैलगाड्या थांबतात. नियमाने ५०० मीटरांचा परिसर धोक्याचा धरला जातो. मग जमिनीतून एक हादरा येतो, आवाज त्याच्या मागून, आणि मांडणीवरची भांडी थोडी वाजतात. पिवळसर धुरळा वाऱ्याबरोबर गेला की झेंडे खाली येतात आणि वाहतूक सुरू होते. खाणीची हद्द गावाकडे सरकते तेव्हा हा रोजचा कार्यक्रमही तितकाच जवळ येतो.

कामठी वालुकाश्मामुळे इथल्या ओबीत रेती बरीच निघते. गोंडेगाव आणि भानेगाव येथे ती धुऊन वेगळी काढण्याचे काम वेकोलिने सुरू केले. भानेगावची रेती नागपूर सुधार प्रन्यासने पंतप्रधान आवास योजनेच्या घरांसाठी घेतली. हाच खडक पाणीही धरतो. भानेगाव खाणीचे पाणी वीजकेंद्राकडे वळवले गेले, तर पाटणसावंगीला ते शुद्ध करून ‘कोल नीर’ या नावाने बाटल्यांत भरले जाते. खाणीचे पाणी बाटलीत येते आणि खाणीलगतच्या गावात विहिरींची पातळी उतरल्याची तक्रार असते. या दोन्ही गोष्टी एकाच खडकामुळे घडतात, हे कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

मँगनीजची तऱ्हा वेगळी. सौसर गटाच्या रूपांतरित खडकांत ते उभट पट्ट्यांत असते. इथल्या मँगनीजधारक खडकाला फर्मर या भूवैज्ञानिकाने गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ नाव दिले. पट्टा अरुंद आणि उभा असल्याने खाण आडवी फारशी वाढत नाही, खाली जाते. म्हणून मॉइलचा विस्तार म्हणजे मुख्यतः नवे शाफ्ट, धातुकापर्यंत खाली जाणाऱ्या उभ्या विहिरी. गुमगाव, चिकला, बालाघाट येथे अशी कामे घेतली गेली. बालाघाटची खाण आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. शाफ्टला जमीन थोडी लागते, वेळ मात्र फार. खडक फोडत, पाणी उपसत, अस्तर लावत काही वर्षे जातात आणि तोवर धातुकाचा एक कणही वर येत नाही. या कंपनीची मुळे १८९६ च्या एका ब्रिटिश सिंडिकेटपर्यंत जातात; १९६२ मध्ये तिचे आजचे सरकारी रूप सुरू झाले. २०२३-२४ मध्ये तिचे उत्पादन १७.५६ लाख टन होते.

एका खनिजावर विसंबून न राहण्याचा विचार दोन्ही कंपन्यांत दिसतो. मॉइलने डोंगरी बुजुर्गला बॅटरीसाठीच्या मँगनीज डायऑक्साइडचा, तर बालाघाटला फेरोमँगनीजचा कारखाना काढला आणि मध्य प्रदेशात देवासजवळ पवनचक्क्या उभारल्या. कोल इंडियाने २०२४ मध्ये अलीराजपूर जिल्ह्यातला खट्टाली छोटी हा ग्रॅफाइटचा पट्टा मिळवला. सावनेरला वेकोलिने पर्यटकांना भूमिगत खाण दाखवायलाही सुरुवात केली. शिरस्त्राण घालून माणसे खाली जातात, फोटो काढून वर येतात.