बाटची मोड यायची कुठून?

थायलंडमध्ये एटीएममधून पैसे काढले की हातात बहुधा हजार बाटची नोट पडते. रस्त्यावरचा नूडल्सचा वाडगा मात्र पन्नास-साठ बाटला मिळतो. उरलेल्या नऊशेचाळीस बाटची मोड कोणी द्यायची, हे रोज सकाळी दुकानदाराच्या गल्ल्यापाशी ठरतं. म्हणून तर बँकॉकमध्ये नवखा प्रवासीही दोन दिवसांत शिकतो: मोठी नोट सेव्हन-इलेव्हनच्या साखळी दुकानात पाण्याची बाटली घेऊन मोडायची, गाडीवाल्याकडे सुटे द्यायचे.

दुकानदाराची अडचण आणखी एका कारणाने वाढते. तिथे नोटा काढते बँक ऑफ थायलंड, पण नाणी पाडणं हे अर्थखात्याच्या कोषागार विभागाचं काम. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी ही चिल्लर. हे काही आजचं नाही. त्या देशात मोठ्या पैशाकडे राजाचं लक्ष असायचं, मोड मात्र कोणाकडून तरी उसनी आणलेली असायची.

सयाममध्ये, म्हणजे जुन्या थायलंडमध्ये, चांदीचे पैसे शेकडो वर्षं होते. ‘पोट दुआंग’ म्हणत त्यांना: चांदीची कांडी वाकवून, दोन्ही टोकं आत मुडपून केलेला गोळा, वर राजाचा छाप. त्यातला एक बाट साधारण १५ ग्रॅमचा. बाट हे मुळात वजनाचंच नाव, आणि सोनाराकडे ते आजही वजन म्हणूनच चालतं. पण एवढ्या चांदीत भाजीची जुडी कशी घ्यायची? त्यासाठी होत्या कवड्या, थाई भाषेत ‘बिआ’. एका बाटचे आठ फुअंग, एका फुअंगच्या ८०० कवड्या. म्हणजे पूर्ण बाट मोडायचा तर ६,४०० कवड्या मोजा. या कवड्या मुख्यतः मालदीवच्या समुद्रातून यायच्या, आपल्याकडे यायच्या तशाच. मराठीत आता कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी एवढाच त्यांचा माग राहिला, तोही तुच्छतेचा. थाई माणसाने त्यांचा मान जास्त राखला. तिथे व्याजाला ‘दोक बिआ’ म्हणतात, शब्दशः कवडीचं फूल. सरकारी भत्त्यांच्या नावातही ‘बिआ’ टिकून आहे.

जहाजं आली नाहीत की मोड संपली. अठराव्या शतकात बोरोमकोट राजाच्या काळात अयुथ्या या तेव्हाच्या राजधानीच्या बाजारात कवड्यांचा असाच तुटवडा पडला, तेव्हा भाजलेल्या मातीच्या छापील चकत्या चालवाव्या लागल्या. माझ्या मते थाई चिल्लरीच्या इतिहासातली सगळ्यात बोलकी वस्तू हीच: खजिन्यात चांदी आणि बाजारात माती.

खरी ओढाताण सुरू झाली ती १८५५ च्या बाउरिंग करारानंतर. ब्रिटिशांशी झालेल्या या कराराने आयातीवरची जकात ३ टक्क्यांवर आली, बंदरात जहाजांची रीघ लागली. परदेशी व्यापारी मेक्सिकन डॉलर घेऊन येत, ते देऊन पोट दुआंग मागत आणि हाताने घडवलेले गोळे मागणीला पुरत नसत. तीन डॉलरला पाच बाट असा दर बांधून दिला, तरी लोक परकं नाणं घ्यायला नाखूश. शेवटी राजा मोंगकुट (चौथे राम) यांनी इंग्लंडहून यंत्रं आणवली आणि १८६० मध्ये राजवाड्याच्या आवारातच टांकसाळ उभी राहिली. चपटी नाणी निघू लागली. १८६२ मध्ये कथिलाची ‘अट’ आणि ‘सोलोट’ ही नाणी काढून कवड्यांनाही निरोप द्यायचं ठरलं. एक अट म्हणजे बाटचा चौसष्टावा भाग, शंभर कवड्यांच्या बरोबरीचा. पण कथिलाचं नाणं बनावट करायला सोपं. खोट्यांचा सुळसुळाट झाला आणि खऱ्यांचीही पत गेली.

मग मोड आली जुगाराच्या अड्ड्यांमधून. सरकारकडून मक्ता घेऊन अड्डे चालवणाऱ्या चिनी मक्तेदारांकडे डावात लावायला चिनी मातीच्या सोंगट्या असत, ‘पी’ नावाच्या. कुणी चौकोनी, कुणी गोल, कुणी फुलपाखराच्या आकाराच्या, वर चिनी अक्षरं. सुटे मिळेनात म्हटल्यावर लोक त्याच घेऊन बाजारात जाऊ लागले आणि दुकानदार त्या घेऊही लागले, कारण अड्ड्यावर त्यांचे पैसे मिळण्याची खात्री होती. आपल्याकडे सुट्ट्यांच्या जागी हातावर चॉकलेट टेकवतात, त्यापेक्षा हा व्यवहार जास्त चोख म्हणायचा! राज्याला ते मानवणारं नव्हतं. सोंगट्यांवर बंदी आली. १८७४ मध्ये पाचवे राम अर्थात राजा चुलालोंगकॉर्न यांच्या सरकारने एका अटची कागदी चिठ्ठीसुद्धा काढून पाहिली. बाटच्या चौसष्टाव्या भागासाठी कागद! ती लोकांच्या पचनी पडली नाही. तांब्याची नाणी इंग्लंडहून पाडून आणावी लागली.

चौसष्टचा हिशेब सोडून शंभराचा आला तो शतकाच्या अखेरीस, आणि त्या शंभराव्या भागाचं नाव ठेवलं ‘सतांग’. शत आणि अंग, मराठी वाचकाला फोड करून सांगायलाच नको. १९०८ पासून भोकाची सतांग नाणी निघाली. आज ‘पैसे नाहीत’ हे थाई माणूस ‘माय मी तांग’ असं म्हणतो. सतांगचा ‘तांग’ तेवढा राहिला. सगळ्यात लहान नाण्याने साऱ्या धनाला नाव द्यावं, हे आपल्या ‘पैशा’सारखंच झालं.

सरकारी नोटा १९०२ मध्ये आल्या: ५, १०, २०, १०० आणि १,००० बाटच्या. त्या काळी पाच बाट ही काही मोड नव्हे. एक बाटची नोट यायला १९१८ उजाडलं. १९४२ मध्ये बँक ऑफ थायलंड सुरू झाली, नोटा तिच्याकडे गेल्या, नाणी सरकारी खात्याकडेच राहिली. गल्ल्याची दोन दारं ती इथून.

पुढे महागाईने एकेक पायरी खाल्ली. १९८८ मध्ये दहाचं दोन धातूंचं नाणं आलं आणि दहाची नोट मागे पडली. आता सगळ्यात लहान चालती नोट वीसची, त्याखाली सगळी नाणी. २००५ मध्ये दोन बाटचं नाणं काढलं, तर ते एक बाटसारखंच दिसे. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही फसत. काही वर्षांनी त्याला सोनेरी रंग द्यावा लागला. नाण्यांचा ढीग समोर ओतून मोठं बिल चुकवायचं म्हटलं तर कायदा आडवा येतो: १, २ आणि ५ बाटची नाणी ५०० बाटपर्यंतच स्वीकारणं बंधनकारक, दहाची १,००० पर्यंत, आणि २५-५० सतांगची तर अवघ्या १० बाटपर्यंत.

२०१७ मध्ये मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याचं प्रॉम्प्टपे सुरू झालं. २०२० च्या साथीत निम्मे पैसे सरकारने भरायची ‘खोन ला ख्रुएंग’ योजना मोबाइलवरूनच चालली, तेव्हा पेरूच्या गाडीवरही क्यूआर लटकला. मोडीची निकड कमी झाली खरी, पण रोकड घेऊन येणारा पर्यटक काही थांबला नाही. आणि बाजारात भवानीची नोट मालावरून फिरवून घेणाऱ्या बाया आहेतच; क्यूआर कसा फिरवणार?

२५ सतांगची नाणी दुकानात आता क्वचित दिसतात. ती पाहायची तर बँकॉकच्या वाट फो मंदिरात जावं. निजलेल्या बुद्धाच्या पाठीमागे भिंतीलगत १०८ धातूचे वाडगे ओळीने मांडलेले आहेत. दाराशी वीसची नोट दिली की वाटीभर बारीक नाणी मिळतात, ती एकेक वाडग्यात टाकत पुढे जायचं. दिवसभर तिथे नुसता टणटण आवाज चालू असतो.