कीप१ची पकड: एका चुकीच्या चित्राची पार्श्वभूमी

पेशीला ऑक्सिडेशनच्या हानीपासून वाचवणारा ग्लुटाथायोन हा रेणू पुरेसा साठला की तो स्वतःच्याच निर्मितीतील पहिल्या एन्झाइमला अडवतो, हे १९७५ पासून माहीत आहे. पण धोका वाढल्यावर पेशी हेच एन्झाइम जास्त प्रमाणात घडवते, ते कशाच्या बळावर? त्यासाठी जनुकांकडे वळावे लागले. १९९०च्या सुमारास डीएनएवरील ‘अँटिऑक्सिडंट रिस्पॉन्स एलिमेंट’ हा छोटा तुकडा सापडला; संरक्षक एन्झाइमांची जनुके त्याच्यामार्फत चालू होतात. १९९४ मध्ये ग्लोबिनच्या जनुकांवर काम चालू असताना एनआरएफ२ हे जनुके चालू करणारे प्रथिन हाती लागले. १९९७ मध्ये या दोघांचे नाते उंदरांमध्ये सिद्ध झाले आणि १९९९ मध्ये एनआरएफ२ला आवर घालणारे कीप१ हे प्रथिन मिळाले.

खरा गुंता इथून सुरू होतो. त्या वेळी मांडलेल्या चित्रात कीप१ एनआरएफ२ला केंद्रकाबाहेर धरून ठेवते आणि ऑक्सिडेटिव्ह ताण (क्रियाशील ऑक्सिजन रेणूंचा मारा) आला की सोडून देते. चित्र सुटसुटीत होते, त्यामुळे ते पटकन रुळले आणि आजही अनेक लेखांत तसेच छापले जाते. ते टिकणारे नाही. २००४ मध्ये स्पष्ट झाले की कीप१ नुसते धरत नाही. क्युलिन-३ या दुसऱ्या प्रथिनाच्या साथीने ते एनआरएफ२वर युबिक्विटिनची (‘नष्ट करा’ असे सांगणाऱ्या छोट्या प्रथिनाची) खूण करवते आणि प्रोटिएसोम, म्हणजे पेशीतील प्रथिने तोडणारे यंत्र, त्याचा फडशा पाडतो. शांत पेशीत एनआरएफ२चे अर्धायुष्य जेमतेम वीस मिनिटे असते. ब्रोकोलीतील सल्फोराफेनसारखा रेणू कीप१च्या १५१ क्रमांकाच्या सिस्टीनला (प्रथिनाच्या साखळीतील एका अमिनो आम्लाला) चिकटला की हा विनाश थांबतो, पण पकड सुटत नाही. आधीचे एनआरएफ२ कीप१ला बिलगूनच राहते. नव्याने तयार झालेल्याला मोकळे कीप१ मिळत नाही, म्हणून ते थेट केंद्रकात पोहोचते. म्हणजे पेशी साठा सोडत नाही; तिचे उत्पादन अखंड चालूच असते, थांबते ती फक्त नासधूस. प्रतिसाद इतका वेगवान का, हे यातूनच उलगडते. पकड खरोखर सैल करणारे रेणूही आहेत. ते कीप१ची एनआरएफ२ धरण्याची जागाच बळकावतात, पण तो मार्ग वेगळा. दोन्ही एकाच बाणाने दाखवणे मला गैर वाटते, कारण औषधांची रचना याच फरकावर ठरते.

२०१३ मध्ये अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिससाठी मान्य झालेले डायमिथाइल फ्युमरेट सिस्टीनवर काम करते. २०२३ मध्ये फ्रीडराइख अटॅक्सिया या मज्जासंस्थेच्या आनुवंशिक आजारासाठी आलेले ओमाव्हेलोक्सोलोनही कीप१मार्फत एनआरएफ२ला चालना देते. दुसरी बाजू २००६ पासून समोर आहे: फुप्फुसाच्या अनेक कर्करोगांत कीप१चे जनुक बिघडलेले असते, एनआरएफ२ कायम जागे राहते आणि ट्यूमर केमोथेरपीला दाद देत नाही.