खिचडीच्या सुट्टीतला गलका: शाळांसाठी माहितीपत्रक

मुख्याध्यापक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना नमस्कार.

सांगलीत आमचं मूळ काम गाद्या, लोड, सतरंज्या शिवण्याचं. आता शाळांच्या जेवणाच्या हॉलसाठी आवाज जिरवणारी पॅनेलही बनवतो. फोनवर बहुतेक जण सुरुवात एकाच वाक्यानं करतात: "पोरं फार ओरडतात हो." आमचं म्हणणं आहे, पोरांच्या आधी हॉल बघा.

विजापूरच्या सहलीत गोलघुमटात टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा ऐकू येते. आपल्या हॉलमध्येही खाली शहाबादी फरशी, बाजूला गिलावा, वर स्लॅब. यातलं काहीच आवाज पीत नाही. एक स्टीलचं ताट आपटलं की त्याचा आवाज विरायच्या आत दुसरं पडतं. मग शेजारच्याला ऐकू जावं म्हणून प्रत्येक मूल नकळत आवाज चढवतं. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ सालीच दाखवून दिलं. शिट्टी मारून मिळवलेली शांतता म्हणूनच टिकत नाही. यात मुलांचा दोष नाही. पहिलीतलं पोर एका हातानं कान दाबून दुसऱ्या हातानं खिचडी खाताना बघवत नाही.

पैसे खर्च करण्याआधी एवढं करून बघा. खिडक्या उघडा, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. पंगतीखाली सतरंज्या घाला. उष्टी ताटं ठेवायच्या टबात तळाला गोणपाट टाका. बाकांच्या लोखंडी पायांना रबरी टोप्या बसवा. जमल्यास दोन पंगती करा. निम्मी मुलं आत असली की सगळ्यांचेच आवाज खाली येतात. आणि व्हरांड्यात पंगत बसत असेल तर तिथं घुमण्याचा त्रास फारसा नसतो, तुम्हाला पॅनेलची गरज नाही.

हॉल तरीही घुमत असेल तर आमचं काम सुरू होतं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन यांनी एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडल्या आणि किती गाद्यांनी आवाज किती लवकर विरतो ते मोजलं. गादीवाल्यांना याचं अप्रूप वाटणारच! त्यांचंच सूत्र आम्ही वापरतो. समजा, हॉल १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच आहे. रिकामा असताना, खिडक्या बंद करून, त्यात आवाज विरायला सुमारे ४ सेकंद लागतात. छताला ४० चौरस मीटर जाड पॅनेल लावली की हिशेबानं हेच एक-सव्वा सेकंदावर येतं. मुलं बसली की त्यांचे कपडेही थोडा आवाज पितात.

आमच्या पॅनेलमध्ये २ इंची रॉकवूल (दगड वितळवून काढलेल्या धाग्यांची लोकर) असतं, वरून सहज पेट न घेणारं कापड. छत आणि पॅनेल यांच्यात आम्ही मुद्दाम २ इंच पोकळी सोडतो, त्यामुळे खालचे, जाड आवाजही जास्त जिरतात. थर्माकोल चिकटवून उपयोग नाही, त्यात हवा शिरत नाही, म्हणून आवाजही जिरत नाही. साधा फोम किंवा अंड्यांचे ट्रे तर कृपया लावूच नका. २००४ साली तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग लागली आणि ९४ मुलं गेली. जिथं शेजारी शेगडी पेटते, तिथं स्वस्तातल्या जळाऊ वस्तू आम्ही कोणत्याही दरात बसवणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो: शेजारच्या वर्गात जाणारा आवाज या पॅनेलनी थांबत नाही, त्यासाठी दार-भिंतीचं काम लागतं. पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजाचंही तसंच, ते वेगळं काम आहे.

मोजमाप घ्यायला आम्ही जेवणाच्या सुट्टीतच येतो, त्याचे पैसे नाहीत. फोन करताना हॉलची लांबी, रुंदी, उंची, छत स्लॅबचं की पत्र्याचं आणि शेगडी किती अंतरावर आहे, एवढं सांगा.